मार्विन गे : मिटलेल्या डोळ्यांचा गायक

१३ फेब्रुवारी १९८३. अमेरिकेत लॉस एंजेलिसला लागून असलेल्या इंगलवूड शहरात बास्केटबॉलचा मोठा सामना सुरू व्हायचा आहे. प्रथेप्रमाणे आधी राष्ट्रगीत. गडद रंगाचा सूट आणि आरशासारखा चकाकणारा गॉगल घातलेला एक कृष्णवर्णीय गायक माइकसमोर येतो. मागे वाद्यवृंद नाही. आधीच तयार करून ठेवलेला ड्रमचा संथ ठेका तेवढा वाजतो आहे. कवायतीच्या चालीत गायले जाणारे ते राष्ट्रगीत हा माणूस चर्चमधल्या भजनासारखे गातो. शब्द तेच, पण प्रत्येक शब्दावर तो थांबतो, त्याला वळवतो, पुढे सोडतो. प्रेक्षक आधी गोंधळतात, मग ठेक्यावर टाळ्या धरतात आणि शेवटी सारे स्टेडियम गर्जना करते. हे सारे जेमतेम अडीच मिनिटांत घडते.

हा गायक म्हणजे मार्विन गे. ज्यांनी त्याला कधी पाहिलेले नाही, त्यांना आम्ही नेहमी हेच चित्रण आधी दाखवतो.

त्यानंतर साडेतेरा महिन्यांनी, १ एप्रिल १९८४ रोजी, मार्विन आपल्या आई-वडिलांच्या घरात मारला गेला. गोळी झाडणारे त्याचे स्वतःचे वडील होते, एकेकाळचे धर्मोपदेशक. दुसऱ्या दिवशी मार्विनचा ४५ वा वाढदिवस होता.

आम्ही समाजकार्याच्या क्षेत्रात आहोत. वस्तीतल्या मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी बोलणे हे आमचे रोजचे काम. मार्विन गेचे चित्रपट आणि व्हिडिओ आम्ही पहिल्यांदा पाहिले ते निव्वळ गाण्यासाठी. पुढे लक्षात आले की गाणे ऐकता ऐकता आपण त्याचा चेहरा वाचतो आहोत. घरात मार खाऊन मोठे झालेले मूल चारचौघांत कसे वागते, हे आम्ही कामात पाहत आलो आहोत, आणि तेच आम्हाला या पडद्यावर दिसू लागले. म्हणून नवख्या वाचकांसाठी ही ओळख. यासाठी इंग्रजी फार यावे लागत नाही.

सोल म्हणजे काय

गुलाम म्हणून अमेरिकेत आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या पुढच्या पिढ्यांनी आपल्या चर्चमध्ये सामूहिक गायनाची एक जोरकस परंपरा उभी केली. एकाने हाक द्यायची, बाकीच्यांनी प्रतिसाद द्यायचा, टाळ्यांनी ठेका धरायचा. हे गॉस्पेल. शेतातल्या, मजुरीतल्या, विरहाच्या दुःखातून आलेले गाणे म्हणजे ब्लूज. १९५० च्या दशकात काही गायकांनी चर्चमधली गाण्याची रीत उचलली आणि ती प्रेमाच्या व रोजच्या जगण्याच्या गाण्यांना लावली. तिलाच पुढे सोल म्हणू लागले. सॅम कुक, अरीथा फ्रँकलिन आणि मार्विन गे ही तिन्ही मोठी नावे धर्मोपदेशकांच्या घरांतून आली. त्यामुळे सोल गायक पाहताना तो कुठल्या चर्चमधून आणि कुठल्या घरातून आला, हे जाणून घेणे उपयोगाचे ठरते.

वॉशिंग्टनमधले घर

मार्विनचा जन्म २ एप्रिल १९३९ रोजी वॉशिंग्टनमध्ये झाला. देशाची राजधानी असलेल्या या शहरात कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या होत्या, वस्त्या वेगळ्या होत्या. गे कुटुंब गरिबांसाठी बांधलेल्या सरकारी घरांत राहत असे. चार भावंडांत मार्विन दुसरा. आई अल्बर्टा लोकांच्या घरी साफसफाईची कामे करून संसार ओढत होती. वडील मार्विन सीनियर एका लहानशा कडक ख्रिस्ती पंथाचे उपदेशक होते. शनिवार हा पवित्र दिवस, त्या दिवशी काम नाही, खेळ नाही. वडिलांना स्थिर काम नव्हते आणि दारूचे व्यसन होते.

घरात मुलांना मारहाण होई, आणि सगळ्यात जास्त मार मार्विनच्या वाट्याला येई. उशिरा आला, वस्तू जागची हलवली, प्रश्नाला उत्तर दिले, असे कुठलेही कारण पुरे. त्याने स्वतः आणि त्याच्या बहिणीने पुढे हे उघडपणे सांगितले. आईचा आधार नसता तर आपण लहानपणीच जीव दिला असता, असे त्याने आपले चरित्रकार डेव्हिड रिट्झ यांना सांगितले होते.

हाच मुलगा चार वर्षांचा असल्यापासून चर्चमध्ये गात होता. सगळ्यांसमोर कौतुक आणि घरी पट्टा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मार चुकवण्यासाठी समोरच्याला खूश ठेवायचे आणि स्वतःच्या मनात काय चालले आहे ते लपवायचे, हे अशी मुले फार लवकर शिकतात.

सतराव्या वर्षी शाळा सोडून तो हवाई दलात भरती झाला. वडिलांच्या शिस्तीतून सुटका होण्याऐवजी तो दुसऱ्या शिस्तीत अडकला. तिथे त्याचे जमले नाही आणि १९५७ मध्ये तो बाहेर पडला. मग गायकांच्या लहान-मोठ्या गटांतून फिरत १९६० मध्ये तो डेट्रॉइटला पोहोचला. आपल्या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगला शेवटी एक अक्षर जोडून त्याने ते वडिलांच्या आडनावापेक्षा थोडे वेगळे करून घेतले.

मोटाऊन आणि १९६४ चा चित्रपट

डेट्रॉइट म्हणजे मोटारींचे शहर. तिथे बेरी गॉर्डी या मोटार कारखान्यात काम केलेल्या कृष्णवर्णीय तरुणाने १९५९ मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन गाण्यांची कंपनी काढली. तीच मोटाऊन. कारखान्यात जशी गाडी एका टोकाला सांगाडा म्हणून येते आणि दुसऱ्या टोकाला चकचकीत होऊन बाहेर पडते, तसे कलाकार घडवायचे, ही त्यांची कल्पना. चालणे, बसणे, हसणे, मुलाखत देणे हे सारे तिथे शिकवले जाई. शिष्टाचार शिकवणाऱ्या मॅक्सिन पॉवेल यांनी मार्विनचा एक दोष हेरला होता. तो डोळे मिटून गातो, त्यामुळे झोपल्यासारखा दिसतो. त्यांनी त्याला डोळे उघडे ठेवून गायला सांगितले.

मार्विन आधी तिथे ड्रम वाजवत असे. त्याला शांत, हळुवार प्रेमगीते गाणारा गायक व्हायचे होते. १९६१ चा त्याचा पहिला अल्बम तसाच होता आणि तो चालला नाही. मग कंपनीने त्याला नाचऱ्या गाण्यांकडे वळवले आणि १९६२ पासून गाणी गाजू लागली. १९६३ मध्ये त्याने गॉर्डी यांची बहीण ॲना हिच्याशी लग्न केले. ती त्याच्यापेक्षा १७ वर्षांनी मोठी होती.

या काळातला मार्विन पाहायचा असेल तर 'टी.ए.एम.आय. शो' हा कृष्णधवल चित्रपट पाहावा. ऑक्टोबर १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका येथे दोन दिवस त्याचे चित्रीकरण झाले. दिग्दर्शक स्टीव्ह बाइंडर. आसपासच्या शाळांतील मुलांना फुकट तिकिटे वाटून सभागृह भरले होते. एकाच मंचावर कृष्णवर्णीय आणि गोरे कलाकार एकापाठोपाठ येतात : चक बेरी, जेम्स ब्राऊन, सुप्रीम्स, बीच बॉईज, रोलिंग स्टोन्स. त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा झाला होता. तोवर दक्षिणेकडील अनेक राज्यांत या दोन रंगांच्या माणसांना एका उपाहारगृहात शेजारी बसून चहा पिता येत नव्हता. हा संदर्भ मनात ठेवून पाहिले की नुसता करमणुकीचा कार्यक्रम वाटणारा चित्रपट वेगळा दिसू लागतो.

मार्विन त्यात चार गाणी गातो. मागे नाचणारी मुले-मुली, समोर किंचाळणारे प्रेक्षक. तो देखणा आहे, रुबाबदार आहे, सारखा हसतो आहे. डोळे उघडे आहेत, शिकवल्याप्रमाणे. पण जेम्स ब्राऊन मंचावर आला की तो मंच त्याचाच होतो, तसे मार्विनचे होत नाही. तो पाहुण्यासारखा वावरतो. मंचावर जाण्याची त्याला आयुष्यभर धास्ती होती, हे पुढे त्याच्या जवळच्या अनेकांनी सांगितले. चित्रपटातले त्याचे हसू पुन्हा पाहिले की ती धास्ती थोडीशी दिसते.

टॅमी टेरेल

१९६७ मध्ये टॅमी टेरेल या तरुण गायिकेसोबत मार्विनने युगुलगीते गायला सुरुवात केली. या दोघांचे थोडेसे चित्रण उपलब्ध आहे आणि ते अवश्य पाहावे. इथला मार्विन वेगळा आहे. त्याला प्रेक्षकांकडे पाहावे लागत नाही. तो टॅमीकडे पाहतो आणि मनापासून हसतो. जोडीदार सोबत असली की त्याची भीती कमी होते, हे उघड दिसते. दोघांत प्रेमसंबंध नव्हते, पण मैत्री घट्ट होती.

ऑक्टोबर १९६७ मध्ये व्हर्जिनियातील एका महाविद्यालयात कार्यक्रम सुरू असताना टॅमी मंचावरच कोसळली. मार्विनने तिला सावरले. मेंदूत गाठ असल्याचे निघाले. अनेक शस्त्रक्रिया झाल्या, पण १६ मार्च १९७० रोजी ती गेली. वय अवघे २४. मार्विनने मंचावर जाणे जवळजवळ सोडून दिले. १९६८ च्या अखेरीस त्याचे एक गाणे अमेरिकेत सलग सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होते, पण त्या यशाचा त्याला आनंद घेता आला नाही. तो घरात कोंडून राहू लागला. अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक संघात शिरण्याचाही त्याने प्रयत्न केला. गाण्यापासून पळण्याचीच ती एक वाट होती.

पावसात उभा माणूस

बाहेर देश पेटला होता. जुलै १९६७ मध्ये डेट्रॉइटमध्ये पोलिसी कारवाईतून उसळलेल्या दंगलीत ४३ माणसे मेली. व्हिएतनामच्या युद्धात गरीब घरांतली मुले जात होती. मार्विनचा भाऊ फ्रँकी त्या युद्धातून परतला होता आणि त्याने पाहिलेले सारे मार्विनला सांगत होता. १९६९ मध्ये बर्कली येथे पोलिसांनी निदर्शकांवर केलेला हल्ला ओबी बेन्सन या गायकाने पाहिला. त्यातून एका गाण्याची कल्पना निघाली. ती मार्विनने आपलीशी केली आणि 'व्हॉट्स गोइंग ऑन' हे गाणे तयार झाले.

हे गाणे बाजारात आणायला गॉर्डी तयार नव्हते. युद्ध, पोलीस, गरिबी यांवर गाणारा मार्विन त्यांना नको होता. मार्विन अडून बसला. जानेवारी १९७१ मध्ये गाणे आले आणि तुफान चालले. मे महिन्यात त्याच नावाचा पूर्ण अल्बम आला. बेकारी, अमली पदार्थ, दूषित हवा-पाणी, मुलांचे भविष्य, परतलेल्या सैनिकाची घुसमट असे विषय त्यात एकमेकांत मिसळून येतात. त्यातली तीन गाणी पहिल्या दहांत गेली. ध्वनिमुद्रण करताना मार्विनच्या आवाजाच्या दोन वेगवेगळ्या नोंदी चुकून एकाच वेळी वाजवल्या गेल्या. त्याला ते आवडले आणि त्याने तसेच ठेवले. म्हणून त्या गाण्यांत मार्विन स्वतःशीच बोलतो आहे असे वाटते.

अल्बमच्या मुखपृष्ठावर तो घराच्या अंगणात पावसात उभा आहे. दाढी वाढलेली, रेनकोटची कॉलर वर, केसांवर थेंब, नजर दूर कुठेतरी. कंपनीने शिकवलेले हसू तिथे नाही.

१९७२ : शिकागो

आमच्या मते मार्विन गेचे सर्वांत मोलाचे चित्रण 'सेव्ह द चिल्ड्रन' या चित्रपटात आहे. जेसी जॅक्सन यांच्या ऑपरेशन पुश या संघटनेने १९७२ मध्ये शिकागोत कृष्णवर्णीयांच्या उद्योग आणि संस्कृतीचे मोठे प्रदर्शन भरवले होते. तिथल्या मैफली दिग्दर्शक स्टॅन लेथन यांनी चित्रित केल्या आणि १९७३ मध्ये चित्रपट आला. त्याचे नाव मार्विनच्याच एका गाण्यावरून घेतले आहे. जॅक्सन फाइव्ह, बिल विदर्स, रॉबर्टा फ्लॅक असे अनेक कलाकार त्यात आहेत.

मार्विन पियानोला बसला आहे. नाचणारे कोणी नाही. गाणे सुरू होते आणि तो डोळे मिटतो. मॅक्सिन पॉवेल यांनी जे करू नको म्हटले होते, तेच. पण आता तो झोपलेला वाटत नाही. तो आत बघतो आहे असे वाटते. पडद्यावर मध्येच त्या काळच्या रस्त्यांवरची साधी माणसे येतात आणि गाणे कोणासाठी आहे ते सांगावे लागत नाही.

या चित्रणात आणखी एका माणसाकडे लक्ष द्या. बास गिटार वाजवणारे जेम्स जेमरसन. मोटाऊनच्या असंख्य गाजलेल्या गाण्यांत त्यांची बोटे आहेत, पण कित्येक वर्षे कंपनीने वादकांची नावे अल्बमवर छापलीच नव्हती. 'व्हॉट्स गोइंग ऑन'च्या अल्बमवर ती पहिल्यांदा छापली गेली. जेमरसन यांचे वाजवतानाचे चित्रण फार थोडे उरले आहे. त्यातले हे एक. राबणाऱ्याचे नाव गाळायचे आणि माल विकायचा, हा व्यवहार संगीतातही चालतो.

यश आणि घसरण

यानंतरची दहा वर्षे चढ-उतारांची होती. १९७४ च्या जानेवारीत ओकलंडच्या मैफलीने तो मंचावर परतला. ॲनापासून तो दूर झाला होता. १९७३ मध्ये भेटलेली जॅनिस हंटर तेव्हा फक्त १७ वर्षांची होती आणि तो ३४ चा. त्यांना दोन मुले झाली, १९७७ मध्ये त्यांचे लग्न झाले, आणि तेही लग्न मोडले. जॅनिस यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात व्यसन, संशय आणि मारहाण यांविषयी मोकळेपणाने लिहिले आहे. हे आम्ही गाळणार नाही. मार खाल्लेला प्रत्येक मुलगा पुढे मारणारा होतोच असे नाही, पण मार्विनच्या बाबतीत घरातले ते विष पुढच्या घरातही पोहोचले. आवडत्या कलाकाराची ओळख करून देताना त्याने दुखावलेल्या बाईचा उल्लेख टाळणे आम्हाला पटत नाही.

कोकेनचे व्यसन वाढले, कर थकला, कर्ज झाले. काही काळ तो हवाई बेटांवर पाव पोहोचवायच्या एका जुन्या गाडीत राहिला. मग लंडन.

याच काळातली 'लाइव्ह इन माँत्रो १९८०' ही मैफल सहज पाहायला मिळते. स्वित्झर्लंडमधील प्रसिद्ध महोत्सवात जुलै १९८० मध्ये तो गायला. संपूर्ण कारकिर्दीतली गाणी एका रात्रीत ऐकायची असतील तर हीच मैफल घ्यावी. १९६० च्या दशकातली नाचरी गाणी तो एकापाठोपाठ एक उरकतो. टॅमीसोबतची गाणीही आहेत, पण टॅमी नाही. शेवटाकडे १९७१ ची गाणी येतात तेव्हा त्याचा आवाज मोकळा होतो.

ऑस्टेंड

फेब्रुवारी १९८१ मध्ये फ्रेडी कुसार्ट या बेल्जियन आयोजकाने त्याला आपल्या ऑस्टेंड या समुद्रकाठच्या गावी नेले. तिथे रिचर्ड ऑलिव्हिए यांनी 'ट्रान्झिट ऑस्टेंड' हा छोटा माहितीपट केला. मैफलीचे चित्रपट पाहून झाले की हा जरूर पाहा, कारण यात मार्विन गर्दीबाहेर दिसतो. थंडीत रिकाम्या किनाऱ्यावर धावणारा. गावातल्या कॅफेत, भाषाही न कळणाऱ्या लोकांसोबत खेळणारा. आणि एका चर्चमध्ये, कोणत्याही वाद्याशिवाय, लहानपणी शिकलेली प्रार्थना गाणारा. तिथे त्याला कोणी टाळ्या देणार नव्हते आणि कोणी मारणारही नव्हते. व्यसनमुक्तीच्या कामात जागा बदलण्याला फार महत्त्व असते. ओळखीच्या रस्त्यांपासून, ओळखीच्या पुरवठादारांपासून दूर नेले की माणूस काही काळ तरी सावरतो. ऑस्टेंडने मार्विनला तो काळ दिला.

बेल्जियममध्येच त्याने 'सेक्शुअल हीलिंग' हे गाणे ध्वनिमुद्रित केले. १९८२ मध्ये ते आले आणि जगभर गाजले. फेब्रुवारी १९८३ मध्ये त्याला त्यासाठी पहिल्यांदाच ग्रॅमी पुरस्कार मिळाले, एक नव्हे तर दोन. या गाण्याचा व्हिडिओ म्हणजे त्या काळच्या म्युझिक व्हिडिओचा नमुना : हौशी अभिनय, भडक सजावट, नावातल्या उपचाराच्या कल्पनेवर रचलेली गोष्ट. त्या वेळच्या संगीत वाहिनीवर कृष्णवर्णीय कलाकारांना फारशी जागा मिळत नव्हती, आणि त्याबद्दल उघड टीकाही होत होती. व्हिडिओ एकदा पाहावा. गाणे मात्र पुन्हा पुन्हा ऐकावे. वरवर शृंगाराचे वाटणारे हे गाणे आम्हाला दुखणे सांगणारे वाटते.

शेवटचे वर्ष

१९८३ मध्ये दोन मोठे क्षण आले. पहिला आम्ही सुरुवातीला सांगितला, इंगलवूडचे राष्ट्रगीत. दुसरा मार्च महिन्यात, मोटाऊनच्या २५ वर्षांनिमित्त झालेला सोहळा. मे महिन्यात तो टीव्हीवर दाखवला गेला. या कार्यक्रमाची आठवण लोक मायकल जॅक्सनच्या नाचासाठी काढतात. त्याच कार्यक्रमात मार्विन पियानोवर बसून, सूर छेडत, कृष्णवर्णीयांच्या संगीताचा इतिहास थोडक्यात सांगतो आणि मग उठून 'व्हॉट्स गोइंग ऑन' गातो. नाच पाहून झाला की थोडे मागे जा आणि ही काही मिनिटे पाहा.

पण अमेरिकेत परतताच व्यसनही परतले. त्या वर्षीच्या दौऱ्यात आपल्याला कोणीतरी मारणार, या भीतीने तो गोळीरोधक जाकीट घालत असे. दौरा संपल्यावर तो लॉस एंजेलिसमध्ये आई-वडिलांसाठी घेतलेल्या घरात राहायला गेला. ज्या माणसाच्या हातचा मार खाऊन तो वाढला होता, त्याच माणसाच्या छपराखाली. नाताळात त्याने वडिलांना घराच्या रक्षणासाठी एक पिस्तूल भेट दिले.

१ एप्रिल १९८४ च्या दुपारी विम्याच्या एका कागदावरून वडील आईवर ओरडत होते. मार्विन मध्ये पडला. बाप-लेकात हातघाई झाली, त्यात मार्विनने वडिलांना मारले. वडील आपल्या खोलीत गेले, तेच पिस्तूल घेऊन आले आणि त्यांनी मुलावर गोळ्या झाडल्या. पुढे तपासणीत वडिलांच्या मेंदूत गाठ आढळली. न्यायालयाने त्यांना सहा वर्षांची शिक्षा दिली, पण ती स्थगित ठेवून पाच वर्षे देखरेखीखाली सोडले. आई अल्बर्टाने नवऱ्यापासून घटस्फोट मागितला. व्यसनाच्या विळख्यात सापडलेल्यांसाठी तिने मुलाच्या नावाने संस्था उभी करायला घेतली. १९८७ मध्ये संस्था सुरू झाली, त्याच्या आदल्या दिवशी अल्बर्टा वारली.

या मृत्यूची कारणे सांगताना लोक कोकेन सांगतात, पिस्तूल सांगतात, गाठ सांगतात. ती सारी खरी आहेत. पण आमच्या कामाच्या अनुभवावरून आम्हाला वाटते, की या गोष्टीची सुरुवात चाळीस वर्षे आधी वॉशिंग्टनच्या त्या सरकारी घरात झाली होती. शेजाऱ्यांना आवाज जात असणार. चर्चमध्ये येणाऱ्यांना मुलाच्या अंगावरचे वळ दिसत असणार. घरचा मामला म्हणून कोणी बोलले नाही. नंतर पैसा आला, कीर्ती आली, पुरस्कार आले, आणि त्या मुलाला बापाकडून हवे होते ते तरीही मिळाले नाही. मोठे झाल्यावर सगळे विसरते, असे पालक आम्हाला नेहमी सांगतात. मार्विन विसरला नव्हता.

नवख्यांनी कुठून सुरुवात करावी

आमचा सल्ला साधा आहे. पहिल्या दिवशी इंगलवूडचे राष्ट्रगीत पाहा. नंतर १९६४ चा मार्विन आणि १९७२ चा मार्विन लागोपाठ पाहा, म्हणजे आठ वर्षांत माणूस किती बदलला ते कळेल. मग टॅमीसोबतची गाणी. एखाद्या सुट्टीच्या दिवशी माँत्रोची पूर्ण मैफल. सर्वांत शेवटी 'ट्रान्झिट ऑस्टेंड'.

आणखी एक गोष्ट राहिली. 'व्हॉट्स गोइंग ऑन' या गाण्यासाठी सवाना लीफ यांनी २०१९ मध्ये, मार्विन जाऊन ३५ वर्षे झाल्यावर, नवा व्हिडिओ केला. त्याचे चित्रीकरण डेट्रॉइट आणि फ्लिंट या शहरांत झाले. फ्लिंट म्हणजे तेच शहर, जिथल्या नळांतून लोकांच्या घरी शिसेमिश्रित पाणी आले होते. व्हिडिओत मार्विन नाही. आजची साधी माणसे आहेत : आया, मुले, म्हातारी माणसे. गाणे १९७१ चे आणि चेहरे आजचे, तरी कुठेही जोड दिसत नाही.

वॉशिंग्टनमध्ये आता मार्विन गेच्या नावाचे उद्यान आहे. त्याच्या लहानपणीच्या भागातच, ओढ्याकाठी. तिथे मुले खेळतात. हे चित्रपट तुम्ही आपल्या मुलांसोबत बसून पाहावेत, अशी आमची इच्छा आहे. पाहताना त्यांनी काही विचारले, तर उत्तर टाळू नका. आणि शेजारच्या घरातून एखाद्या मुलाच्या रडण्याचा आवाज रोज येत असेल, तर टीव्हीचा आवाज वाढवू नका. उठून दार वाजवा.